दवाखाना पारखून घ्यावा : सभासदांसाठी काही सूचना



या पानावर आम्ही नेहमी लागण, बेणेप्रक्रिया, खोडव्याची निगा, हुमणीचा बंदोबस्त अशा विषयांवर लिहितो. या वेळी विषय वेगळा घेतला आहे. ऊस विकास खात्याने दवाखान्यावर का लिहावे, असे कोणी म्हणेल. त्याला कारण आहे. आमचे कृषी सहायक आणि चिटबॉय रोज वाडी-वस्तीवर जातात. उसाचे बिल कुठे गेले, असे सहज विचारले, तर सोसायटीचे कर्ज आणि लग्नकार्य यांच्या जोडीला तिसरे उत्तर हमखास येते, ते म्हणजे दवाखाना. सोळा-अठरा महिने राबून आडसाली ऊस आणायचा आणि त्याचे पैसे चार दिवसांत दवाखान्यात मोजायचे, हे घरोघर चालले आहे. पैसे जाऊन माणूस बरा झाला तर दुःख नाही. पैसेही गेले आणि माणूसही गेला, अशी उदाहरणे पाहिली म्हणजे लिहावेसे वाटते.

आम्ही डॉक्टर नाही. कोणत्या रोगाला कोणते औषध, हे सांगण्याचा आमचा अधिकार नाही. परंतु बेणे पारखून घ्यावे, खताचे पोते शिक्का पाहून घ्यावे, हे आम्ही सांगतो. त्याच रीतीने दवाखाना पारखता येतो, एवढेच येथे सांगावयाचे आहे. आणि हे काम घरात कोणी आजारी नसताना करावयाचे आहे. तहान लागल्यावर विहीर खोदून भागत नाही. रात्री दोन वाजता पाणी पाजताना पायाला काही चावले, तर त्या वेळी डॉक्टर निवडायला उसंत नसते. ज्याचे नाव तोंडात येते, तिकडे गाडी वळते.

१) पाटी आणि नोंदणी क्रमांक

प्रथम पाटी वाचा. डॉक्टरच्या नावापुढे पदवी कोणती आहे? एम.बी.बी.एस. ही ॲलोपॅथीची, बी.ए.एम.एस. ही आयुर्वेदाची आणि बी.एच.एम.एस. ही होमिओपॅथीची पदवी. तिन्हींच्या नोंदणी परिषदा आपल्या राज्यात स्वतंत्र आहेत आणि प्रत्येक डॉक्टरला आपल्या परिषदेचा नोंदणी क्रमांक असतो. 'आर.एम.पी.' ही अक्षरे पुष्कळ पाट्यांवर दिसतात. ती पदवी नव्हे. नुसते 'डॉक्टर' आणि आडनाव एवढेच लिहिलेले असेल, तर विचारणे हा आपला हक्क आहे. ॲलोपॅथीच्या डॉक्टरांसाठी २००२ साली जी आचारसंहिता लागू झाली, तिच्याप्रमाणे नोंदणी क्रमांक दवाखान्यात लावावा लागतो आणि चिठ्ठीवर व पावतीवरही घालावा लागतो. नोंदणीशिवाय वैद्यकीय व्यवसाय करणे हा महाराष्ट्रात १९६१ च्या कायद्याने गुन्हा आहे.

यात कोणाचा अपमान नाही. खताच्या दुकानदाराला परवाना विचारताना आपल्याला संकोच वाटत नाही. ज्याच्या हाती जीव द्यायचा, त्याला का विचारू नये? खरा पदवीधर डॉक्टर या प्रश्नाने रागावत नाही, उलट भिंतीवरचे प्रमाणपत्र दाखवतो.

नुसत्या पदवीवर मात्र थांबू नका. को ८६०३२ चे बेणे म्हणून आणलेला ऊसही काणीचा निघू शकतो. पदवी हा पहिला चाळणा, पुढचे चाळणे खाली देत आहोत.

२) डॉक्टर तपासतो की नुसते विचारतो?

चांगल्या डॉक्टरची पहिली खूण म्हणजे तो तपासल्याशिवाय औषध देत नाही. काय होते, कधीपासून होते, आधी कोणती औषधे चालू आहेत, कोणत्या औषधाची ॲलर्जी आहे का, हे तो विचारतो. नाडी पाहतो, रक्तदाब घेतो, नळी लावून छाती ऐकतो, पोटाचे दुखणे असेल तर आडवे निजवून पोट दाबून पाहतो. आणि जे पाहिले ते केसपेपरवर लिहितो. पुढच्या वेळी तो कागद काढून मागचे वाचतो.

याउलट काही ठिकाणी रुग्ण दारातून आत येईपर्यंत सुई भरलेली असते. बाकावर वीस माणसे बसलेली, एकेकाला मिनिटभर, ताप असो की कंबर असो, इंजेक्शन एक आणि पुडीत चार रंगीत गोळ्या. गोळ्यांची नावे विचारली तर "तुला काय करायचंय, घे नि बरा हो." असा दवाखाना गर्दीचा असेल, पण आपल्या कामाचा नाही. औषधाचे नाव चिठ्ठीवर लिहिलेले हवेच. रात्री त्रास वाढला आणि तालुक्याच्या दवाखान्यात न्यावे लागले, तर तिथला डॉक्टर पहिला प्रश्न विचारतो तो "आधी काय दिले?" त्या वेळी "लाल आणि पिवळी गोळी" हे उत्तर निरुपयोगी असते.

आमच्या पाहण्यातील एका सभासदाच्या तळपायाला पाचटाचा धसकट लागला. जखम भरेना. गावातल्याच एका ठिकाणी महिनाभर रोज सुई आणि पट्टी चालली. एकदाही लघवीतली किंवा रक्तातली साखर पाहिली नाही. शेवटी जिल्ह्याच्या ठिकाणी नेले तेव्हा मधुमेह निघाला. तोपर्यंत पाय काळा पडला होता. अंगठा आणि शेजारची दोन बोटे गेली. साखर तपासणारे यंत्र तळहाताएवढे असते आणि तपासायला एक थेंब रक्त आणि एक मिनिट पुरते. चाळिशीपुढच्या माणसाची जखम पंधरा दिवसांत भरत नसेल आणि डॉक्टरने साखर पाहिली नसेल, तर दवाखाना बदलावा, हे आम्ही बिनदिक्कत सांगतो.

३) सलाईनचा हिशेब

आता जरा साखरेचाच हिशेब करू, कारण तो आपल्याला चांगला समजतो. पाच टक्के ग्लुकोजच्या सलाईनची अर्धा लिटरची बाटली घ्या. तिच्यात ग्लुकोज किती? पंचवीस ग्रॅम. म्हणजे साधारण पाच चमचे. ग्लुकोज ही आपल्या साखरेचीच बहीण. आपल्या कारखान्याच्या पन्नास किलोच्या एका पोत्यात जेवढे वजन, तेवढ्यात अशा दोन हजार बाटल्या होतील. मिठाच्या सलाईनच्या अर्धा लिटर बाटलीत साडेचार ग्रॅम मीठ, म्हणजे चमचाभरही नाही. बाकी सगळे निर्जंतुक पाणी. 'अशक्तपणा आलाय, एक बाटली लावा' म्हणून आपण जे पैसे मोजतो, ते या पाच चमच्यांसाठी. एक ग्लास उसाचा रस प्यायला तर याहून जास्त साखर पोटात जाते.

सलाईन वाईट आहे असे नव्हे. उलट्या थांबत नाहीत, पोटात पाणी ठरत नाही, माणूस बेशुद्ध आहे, जुलाबाने डोळे खोल गेले आहेत, रक्तस्राव झाला आहे, अशा वेळी सलाईन प्राण वाचवते. पण ज्याला तोंडाने पिता येते, त्याला तोंडानेच द्यावे. १९७१ साली बांगलादेशच्या निर्वासितांच्या छावणीत, बनगाव येथे, पटकीची साथ आली. सलाईन संपत आले तेव्हा डॉ. दिलीप महालनबीस यांनी साखर-मिठाचे पाणी पाजण्याचा मार्ग धरला. मृत्यूचे प्रमाण तीस टक्क्यांच्या घरात होते, ते चार टक्क्यांच्या आत आले. एक लिटर उकळून गार केलेले पाणी, सपाट सहा चहाचे चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ, हे औषध प्रत्येक सभासदाच्या घरात आहे.

सुईचे आणखी एक पाहावे. सुई आणि सिरिंज आपल्यासमोर नवीन पाकीट फोडून काढली पाहिजे. २०१८ साली उत्तर प्रदेशातील उन्नाव जिल्ह्यात बांगरमऊ भागात अनेकांना एच.आय.व्ही.ची लागण झाल्याचे उघड झाले. गावोगाव फिरून एकाच सुईने इंजेक्शने देणाऱ्या एका बोगस डॉक्टरकडे बोट दाखवले गेले. स्वस्तातली सुई किती महाग पडते, हे यावरून समजावे.

४) लगेच गुण येणे हीच पारख नव्हे

"अमक्याच्या हाताला गुण आहे, एका सुईत उठून बसवतो," असे आपण म्हणतो. येथे आपल्या शेतीतला दाखला घ्या. उसाला नुसता युरिया फेकला की आठ दिवसांत काळोखी येते. बांधावरून पाहणारा म्हणतो, वा! पण तोच ऊस पुढे लोळतो आणि उतारा घटतो. स्टेरॉइड नावाच्या औषधांचे असेच आहे. दम्यात आणि काही गंभीर रोगांत ती अमृत आहेत, परंतु साध्या ताप-सर्दीला, गुडघेदुखीला वरचेवर दिली तर दोन तासांत माणूस टवटवीत होतो आणि दोन वर्षांत तोंडावर सूज, रक्तात साखर आणि हाडे ठिसूळ. गुडघ्याच्या पुडीने एका दिवसात फरक पडला आणि पुडी बंद केली की दुप्पट दुखते, असे होत असेल तर त्या पुडीत काय आहे हे लिहून मागा.

साध्या सर्दी-पडशाला जंतुनाशक औषधाचा उपयोग नसतो. ती आपोआप बरी होते. "दोन दिवस थांबा, गरम पाणी प्या, तिसऱ्या दिवशी ताप उतरला नाही तर या" असे सांगणारा डॉक्टर आपल्याला बिनकामाचा वाटतो. खरे तर तोच आपला पैसा आणि शरीर दोन्ही वाचवतो.

येथे दोष एकट्या डॉक्टरांवर टाकणे बरोबर होणार नाही. सुई न टोचता, नुसता सल्ला देऊन फी मागितली तर आपणच म्हणतो, "तपासायचे कसले पैसे?" मग तोही तपासणी फुकट दाखवतो आणि ते पैसे सुईत, सलाईनमध्ये काढतो. नवीन शिकून आलेला प्रामाणिक डॉक्टर वर्षभर गावात सुईशिवाय बसतो, लोक त्याच्याकडे जात नाहीत, शेवटी तोही सुई हातात घेतो किंवा शहरात निघून जातो. चांगला डॉक्टर गावात टिकवायचा असेल तर त्याच्या सल्ल्याची फी आनंदाने द्या आणि सुईचा हट्ट सोडा.

५) शिवारातले तीन धोके

कोणताही दवाखाना निवडताना ऊसकऱ्याने तीन प्रश्न अवश्य विचारावेत, कारण हे तीन धोके आपल्या शिवारातच आहेत.

पहिला साप. नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे हे आपल्याकडचे चार प्रमुख विषारी साप. चौघांवर एकच प्रतिविष लस चालते. डॉक्टरला विचारा, "साप चावलेला माणूस आणला तर आपण काय कराल?" लस ठेवत असतील तर उत्तम. ठेवत नसतील, पण "चावलेला पाय हलू देऊ नका, पळवू नका, मी पाहतो आणि लस असेल तिथे लगेच फोन करून पाठवतो" म्हणाले तरी तो डॉक्टर चांगला. घोणस-फुरशाचे विष रक्तात भिनले का, हे पाहण्याची एक साधी पद्धत आहे. स्वच्छ, कोरड्या काचेच्या नळीत थोडे रक्त घेऊन वीस मिनिटे न हलवता ठेवतात; गोठले नाही तर विष चढले. याला यंत्र लागत नाही. जो डॉक्टर हे करतो त्याला या कामाची जाण आहे, असे समजावे. मण्यारीचे लक्षात ठेवा. ती रात्री, जमिनीवर झोपलेल्याला चावते, दुखत नाही, खूणही दिसत नाही. पहाटे पोटात दुखते, पापण्या जड होतात, गिळता येत नाही. आपल्या फडावर येणाऱ्या टोळ्या कोपीत जमिनीवर निजतात, म्हणून मुकादमालाही हे सांगून ठेवावे. दोरी आवळणे, ब्लेडने कापणे, देवळात फेऱ्या मारणे यात जो वेळ जातो तोच प्राण घेतो.

विंचवाचेही हलके घेऊ नये. लाल विंचू चावल्यावर दरदरून घाम, हातपाय गार आणि धाप, असे झाले तर हृदयावर परिणाम होत असतो. महाडचे डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी १९८० च्या दशकात प्राझोसिन या गोळीचा उपचार दाखवून दिला. त्यापूर्वी कितीतरी मुले दगावत. आपल्या डॉक्टरकडे ही गोळी आहे का, हे एकदा विचारून घ्यावे.

दुसरा धोका फवारणीचे औषध. २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना वीसहून अधिक शेतकरी-मजूर मेले. आपल्याकडे क्लोरपायरीफॉससारखी औषधे वापरात आहेत. विषबाधेत बाहुल्या बारीक होतात, लाळ गळते, घाम फुटतो, मांसपेशी फडफडतात. अशा विषबाधेवर ॲट्रोपिन इंजेक्शन ताबडतोब लागते. ते दवाखान्यात आहे का, विचारा. माणसाचे कपडे काढून अंग साबणाने धुवा, उलटी करवू नका, आणि डब्याचे लेबल व आतला कागद बरोबर न्या. विषावरचा उतारा त्यावर छापलेला असतो.

तिसरा धोका उंदराच्या मुतातून येणारा लेप्टोचा ताप. पावसाळ्यात साचलेल्या पाण्यात उघड्या पायांनी काम केल्यावर ताप, पोटऱ्या ठणकणे, डोळे लाल होणे असे झाले, तर "मी उसाच्या पाण्यात काम करतो" हे आपण होऊन सांगा. चांगला डॉक्टर ते ऐकताच सावध होतो. वेळेवर औषध मिळाले तर हा रोग साध्या गोळ्यांनी बरा होतो, उशीर झाला तर मूत्रपिंड निकामी करतो.

६) "पुढे पाठवतो" म्हणणारा डॉक्टर

आपल्या आवाक्याबाहेरचे काम ओळखणारा डॉक्टर मोठा. मात्र पाठवताना त्याने चिठ्ठी दिली पाहिजे, आणि एकाच ठिकाणाचा हट्ट धरता कामा नये. रुग्ण पाठवण्याबद्दल कमिशन घेणे २००२ च्या आचारसंहितेत मना आहे. तपासण्याही ठराविक एकाच लॅबमध्ये करा म्हणून आग्रह असेल, तर का, असे विचारावे.

ऑपरेशन सांगितले तर, तातडीची बाब नसेल तेव्हा, दुसऱ्या डॉक्टरचे मत घ्या. विशेषतः गर्भपिशवीबाबत. बीड जिल्ह्यातील ऊसतोडणी करणाऱ्या महिलांच्या गर्भपिशव्या मोठ्या प्रमाणात काढल्याच्या तक्रारी झाल्या आणि २०१९ साली राज्य शासनाने चौकशी समिती नेमली. सर्वेक्षणात तेरा हजारांहून अधिक महिलांचे असे ऑपरेशन झाल्याचे आढळले, त्यांत ऐन तिशीतल्या कित्येक होत्या. अंगावरून पांढरे जाते, पोट दुखते, एवढ्यावर "काढून टाका, नाहीतर कॅन्सर होईल" असे कोणी म्हटले, तर घाबरून सही करू नका. या महिला आपलाच ऊस तोडतात, हेही आपण विसरता कामा नये.

७) सरकारी दवाखाना डावलू नका

आपल्या भागात साधारण तीस हजार लोकवस्तीला एक प्राथमिक आरोग्य केंद्र असते. १५ ऑगस्ट २०२३ पासून राज्याच्या आरोग्य विभागाच्या दवाखान्यांत तपासणी आणि उपचार मोफत झाले आहेत. सर्पदंशाची लस, कुत्र्याच्या चाव्याची लस, क्षयाची औषधे, बाळंतपण, मधुमेह-रक्तदाबाच्या गोळ्या या कामांसाठी प्रथम तिथेच चौकशी करावी. मोठ्या ऑपरेशनसाठी महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेतील रुग्णालय कोणते, हे आधी माहीत करून घ्या. तिथे आरोग्यमित्र बसलेला असतो. शिधापत्रिका आणि आधार एका पिशवीत तयार ठेवा. रात्री-अपरात्री १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका बोलवा. गाळप हंगामात रस्ते ट्रॅक्टर-ट्रॉल्यांनी भरलेले असतात, म्हणून कोणत्या रस्त्याने जायचे हेही ठरवून ठेवावे.

८) पावती आणि कागद

वजनकाट्यावरची पावती आपण जपून ठेवतो. दवाखान्याचीही ठेवा. १९९५ साली सर्वोच्च न्यायालयाने पैसे घेऊन केलेली वैद्यकीय सेवा ग्राहक कायद्याखाली येते असा निकाल दिला. पण पावती नसेल तर दाद कशाच्या जोरावर मागणार? रुग्णालयात ठेवलेल्या रुग्णाचे कागद तीन वर्षे जपणे आणि मागितल्यावर ७२ तासांत देणे हे डॉक्टरवर बंधनकारक आहे.

थोडक्यात पाहावयाच्या गोष्टी

१. पाटीवर पदवी आणि नोंदणी क्रमांक आहे का?
२. डॉक्टर तपासून, लिहून ठेवून मग औषध देतात का?
३. औषधाचे नाव चिठ्ठीवर लिहून मिळते का?
४. सुई आपल्यासमोर नव्या पाकिटातून काढतात का?
५. 'गरज नाही' असे म्हणण्याचे धैर्य त्यांच्यात आहे का?
६. साप, विंचू आणि फवारणीची विषबाधा यांची तयारी आहे का?
७. रात्री दार उघडते का? नसेल तर पर्याय सांगतात का?
८. पुढे पाठवताना चिठ्ठी देतात का?
९. फी आधी सांगतात आणि पावती देतात का?
१०. घरातल्या बायका मोकळेपणाने बोलू शकतात का?

दहापैकी आठ प्रश्नांना 'होय' आले, तर तो दवाखाना धरून ठेवा आणि वरचेवर बदलू नका. एकाच डॉक्टरला घराची माहिती असली म्हणजे अर्धे काम सोपे होते. चार-पाचच 'होय' आले, तर शेजारच्या गावात जाऊन पाहा. पाच किलोमीटर लांबचा चांगला डॉक्टर हा दारातल्या वाईट डॉक्टरपेक्षा केव्हाही जवळचा.

हा तक्ता कापून भिंतीवर लावावा, त्याखाली आपल्या डॉक्टरचा, प्राथमिक आरोग्य केंद्राचा आणि १०८ हा क्रमांक ठळक लिहावा, आणि घरातल्या शाळकरी मुलालाही तो कुठे आहे हे दाखवून ठेवावे. लागणीआधी माती परीक्षण करून घेता, तसे मोळी टाकण्याआधी हे एक काम उरकून घ्या. ऊस तर दरवर्षी पिकवता येतो. माणसाचा खोडवा नसतो.